शब्दांचे वर्ग, व्यवहाराचे वर्ग



मी साहित्याचा माणूस, संगणकाचा नव्हे. तरीही आजचा विषय मला एका माजी विद्यार्थ्यामुळे सुचला. कापसाच्या खरेदीची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था तो आखत होता. त्याने विचारले, "सर, आधी व्यवहारातल्या संकल्पनांची विषयवार विभागणी करायला सांगितली आहे. तिची सुरुवात कुठून करू?" मी त्याच्यापुढे ‘राज्यव्यवहारकोश’ ठेवला.

1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी तो सिद्ध केला. फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले, हे आपण वर्गात शिकवतो. त्याच्या रचनेकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. हे सुमारे चौदाशे शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. त्यांचे दहा वर्ग आहेत: राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य. वर्गांची ही रीत ‘अमरकोशा’पासूनची. मोल्सवर्थच्या कोशात शब्द शोधता येतो. इथे मात्र अनुक्रमणिका वाचली तरी राज्य कशाकशाने चालते ते कळते.

पीटर चेन यांनी 1976 मध्ये वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध रेखाटण्याची जी पद्धत मांडली, तिचा आधार आजही संगणकतज्ज्ञ घेतात. पसारा वाढला की ते त्याची विषयक्षेत्रे पाडतात. आम्ही दोघांनी कापसाच्या व्यवहाराची अशी क्षेत्रे पाडली: जमीन, पीक, आवक, मोजमाप, भाव, चुकारा. ‘काटा’ आणि ‘ओलावा’ मोजमापात गेले, ‘हिशेबपट्टी’ चुकाऱ्यात. नियम दोनच ठेवले. क्षेत्र कामावरून ठरवायचे, कचेरीतल्या टेबलावरून नव्हे. कारण टेबले बदलतात, काम राहते. आणि प्रत्येक संकल्पनेचे घर एकच. बाकीच्या क्षेत्रांनी तिथून तिचा हवाला घ्यायचा.

अडलो ते ‘शेतकरी’ या शब्दावर. त्याचे घर कोणते? जमिनीच्या क्षेत्रात शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर पट्टा आहे तो. पिकाच्या क्षेत्रात म्हणजे जो कसतो तो. आवकेच्या क्षेत्रात म्हणजे जो गाडी घेऊन आला तो. कधी तिन्ही एकच असतात, कधी नसतात. मक्त्याने किंवा बटईने शेती करणारे आपल्या ओळखीचे आहेत. तेलुगूत त्याला ‘कौलु’ म्हणतात.

हा केवळ शब्दाचा कीस नाही. 2018 मध्ये तेलंगणात ‘रयतु बंधु’ योजना सुरू झाली. दर हंगामाला एकरी 4000 रुपये मिळू लागले, पण ते पट्टेदाराला. नावात ‘रयतु’ होता, नोंद मात्र जमिनीच्या मालकीची होती. जो कौलाने कसत होता, तो बाहेर राहिला. आपल्या जुन्या पहाणीपत्रकात पट्टेदाराचा रकाना वेगळा आणि अनुभवदाराचा वेगळा असे. मालकी आणि वहिवाट या दोन गोष्टी आहेत, हे त्या कागदाला ठाऊक होते.

शेवटी त्या विद्यार्थ्याने ‘शेतकरी’ हा एक शब्द मोडून तीन केले: भूधारक, कसणारा, विक्रेता. तिघांना जोडणारी ‘व्यक्ती’ वेगळी ठेवली. एकच माणूस तिन्ही भूमिकांत असू शकतो, हेही त्याने दाखवले. मला वाटले, अर्थविचाराचा तास याहून चांगला मला कधी घेता आला नाही.

एकाच शब्दाखाली दोन अर्थ लपले की व्यवहारात कुणाचे तरी नुकसान होते. ते अर्थ वेगळे करणे हे भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात तर मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी एकाच बाजारात बोलल्या जातात. इथे ते अधिकच जपून करावे लागते. पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी असा आराखडा घेऊन आला, तर "हे संगणकवाल्यांना विचार" असे म्हणू नका. त्याच्याबरोबर बसा, आणि प्रत्येक शब्दाला विचारा: तुझे घर कोणते?