‘मतदान’ या शब्दातले दान
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही पंडित नव्हे. शिक्षण नववी नापास. 1989 साली गिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागलो, आणि जे काही वाचले ते रातपाळी करून. त्याच वर्षी 61 व्या घटनादुरुस्तीने मताचे वय 21 वरून 18 वर आले होते. म्हणून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, नोव्हेंबरच्या लोकसभेला, आम्ही पहिले मत टाकले. खात्यात जॉबरने विचारले, “काय रे, शिक्का कुणावर मारलास?” आम्ही छाती काढून सांगूनही टाकले! गुप्त मतदान म्हणजे काय, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

आज विषय घेतला आहे ‘मत’ या शब्दाचा. मन् म्हणजे विचार करणे, त्यावरून मत. म्हणजे विचाराअंती मनाशी पक्के झालेले ते मत. पालीत ‘मत’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘मेलेला’ असाही आहे, हे एकदा भन्तेजींनी सांगितले तेव्हा आम्हांला हसू आले. पण आपल्या वस्तीतली बोली ऐका. मत टाकले, मत फुटले, मत खाल्ले, मत वाया गेले, मत फिरवले, एकगठ्ठा मते. टाकतो आपण कचरा, फुटतो माठ, खातो भाकरी. ज्याने विचार केला तो माणूस या बोलण्यात कुठे दिसतो काय? उमेदवाराचा माणूस चाळीत येतो तो विचारतो, “तुमच्या घरात किती मते?” किती माणसे, असे विचारत नाही.

आणि मग तो मोठा शब्द, मतदान. दान आम्हां बौद्धांना परके नाही. दहा पारमितांमध्ये पहिली दानपारमिता. पण दान देणारा परतफेड मागत नाही. भन्तेजींना चीवर दिले, त्याचा हिशेब पाच वर्षांनी आपण विचारत नाही. मताचे तसे आहे काय? मत देऊन हिशेब विचारायचा असतो. नळ का आला नाही, शाळेला मास्तर का नाही, हे विचारायचे असते. म्हणून आम्ही बोलताना मताधिकार म्हणतो. सरकारी कागदावर मतदान छापतात ते छापोत, त्यासाठी भांडत बसायला आम्हांला वेळ नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्याच चुकीची आहे. 1997 च्या पालिका निवडणुकीत विहारावर पत्रे नव्हते, पावसात वंदना छत्र्या घेऊन व्हायची. एक उमेदवार आला, पत्रे देतो म्हणाला. आम्ही तेव्हा कमिटीत होतो. आम्ही काय केले? सगळ्या वस्तीची मते तुमचीच, असा शब्द देऊन बसलो. घरी येऊन आईला मोठ्या फुशारकीने सांगितले. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “माझं मत तू कवा दिलंस? मला इचारलं व्हतंस का?” आम्ही म्हणालो, “अगं, विहारासाठीच ना?” तर ती म्हणाली, “मंग तुझं दे की. माझं कशापायी?” पुढे तिने कुणाला शिक्का मारला ते आम्हांला अखेरपर्यंत सांगितले नाही. पत्रे आले, गळायचे थांबले. पण पाच वर्षे त्या माणसाकडे गटाराचे गाऱ्हाणे घेऊन जायला आमची जीभ उचलली नाही.

आईच्या बोलण्याचे वजन पुढे वाचन वाढल्यावर कळले. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत लाखो बायांनी यादीत आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. अशी सुमारे 28 लाख नावे वगळावी लागली. त्याआधी इंग्रजांच्या अमदानीत तर सारा, घरपट्टी किंवा शिक्षण असेल त्यालाच मत. 1919 साली बाबासाहेबांनी साऊथबरो कमिटीपुढे साक्ष दिली, 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, आणि शेवटी घटनेत 326 वे कलम आले. त्या 1952 च्या निवडणुकीत मुंबईतून खुद्द बाबासाहेब पडले. ज्यांनी हक्क मिळवून दिला त्यांनाही मतांनी पाडले. या गोष्टीचे वाईट वाटते, अजून वाटते. तरी तो निकाल मानला गेला.

25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे भिक्षुसंघाला माहीत होते. विनयपिटकात शलाका वाटून मत घेण्याची रीत आहे. शलाका म्हणजे लाकडाची काडी. ज्याच्या हाती काड्या द्यायच्या तो भिक्षू आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय या चारींपासून मुक्त हवा, आणि कोणती काडी घेतली, कोणती नाही, हे त्याला समजले पाहिजे. आजारी भिक्षू सभेला येऊ शकला नाही तर तो आपली संमती दुसऱ्याकरवी कळवी, तिला ‘छंद’ म्हणत. पण ती त्याने स्वतः द्यायची. दुसऱ्याने परस्पर ठरवायची नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी हे होते, आणि आम्ही 1997 साली आईला विचारले नाही!

हे सगळे आजच का काढले, ते कमिटीला ठाऊक आहे. सभागृहाला लादी देतो, असा निरोप पुन्हा आला आहे. कुणी उपासक म्हणून लादी देत असेल तर पावती फाडा, फलकावर नाव लिहा, आमची हरकत नाही. पण पावतीसोबत वस्तीची यादी मागितली तर ती आमच्या सहीने जाणार नाही.

अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींसाठी नमुना 6 चे अर्ज आणले आहेत. भोजनदान झाल्यावर बोधिवृक्षाजवळच्या टेबलावर बसतो. मुलींनी स्वतः यावे, भावाला पाठवू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!