दुसऱ्या इयत्तेतील मूल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आताच दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला, तो योग्यच होय. परंतु आमचा जन्म पहिली ते चौथीच्या वर्गांत गेला असल्यामुळे आमची दृष्टी पुढे सतरंजीवर बसलेल्या चिमण्या मंडळींकडेच वळते. दहावीच्या पिकाची पेरणी दुसऱ्या इयत्तेत होते आणि त्या पेरणीची विचारपूस कोणी करीत नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, संशोधक नव्हे. तथापि मूल वाचावयास कसे शिकते याविषयी जे संशोधन अलीकडे झाले, ते आमच्या वर्गातील अनुभवाशी इतके जुळते की ते आपणांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘प्रथम’ या संस्थेने 2005 साली ‘असर’ नावाची पाहणी सुरू केली. तिची रीत साधी आहे. जिल्ह्यातील 30 खेडी आणि प्रत्येक खेड्यातील 20 घरे निवडावयाची, घरी जाऊन एकेका मुलापुढे कागद धरावयाचा आणि अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येते ते ऐकावयाचे. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ही दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले 2018 मध्ये शेकडा 50.5 होती. महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर 2022 मध्ये ती 42.8 वर आली आणि 2024 मध्ये 48.8 पर्यंत सावरली. म्हणजे पाचवीत बसलेल्या दोन मुलांतील एकास दुसरीचा धडा वाचता येत नाही. ती मुले शाळेत जात नाहीत असे नव्हे. ती रोज जातात, हजेरी देतात, पाटीवर उतरवून घेतात आणि वरच्या वर्गात ढकलली जातात.

हे का होते, याचा शोध दुसऱ्या एका अभ्यासाने घेतला. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका आणि कर्नाटकातील यादगीर येथील शेकडो मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत तीन वर्षे पाठपुरावा करून 2017 साली त्याचा अहवाल निघाला. वर्गातील बहुतेक वेळ अक्षरे गिरविण्यात, शब्द उतरविण्यात आणि एकसुरात म्हणण्यात जातो. वाचलेल्याचा अर्थ काय हे बोलण्यास आणि मुलाने स्वतःच्या मनातील दोन ओळी लिहिण्यास फार थोडा वेळ उरतो, असे त्यात दिसून आले. गोष्टीच्या अर्थाची गोडी आधी आणि अक्षरे मागाहून, असेही या अभ्यासकांचे म्हणणे नाही. दोन्ही पहिल्या दिवसापासून बरोबर चालली पाहिजेत. काना, मात्रा, जोडाक्षरे ही मेहनतीची कामे आहेतच. पण नुसत्या मेहनतीने मूल कंटाळते. ‘घडाघडा वाचतो हो आमचा बाळ’ असे सांगणाऱ्या आईबापांना आम्ही नेहमी विनवीत असू की पुस्तक मिटवा आणि त्याला विचारा, धड्यात झाले काय? पुष्कळदा बाळ गप्प बसे. धडा त्याला मुखोद्गत असे, एवढेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पुस्तकात ‘शेत’ आणि ‘बैलगाडी’ असते. आपल्या लेकराच्या तोंडी ‘वावर’ आणि ‘बंडी’ असते. हे अंतर थोडे आहे, ते पार होते. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील तांड्यावरचे मूल आईला ‘याडी’ म्हणते आणि शाळेत ‘आ’ आईचा शिकते. केळापूर, मारेगाव, झरी जामणी भागातील कोलाम पोडावरील मुलाचे अंतर तर याहून मोठे, कारण कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्यात पाण्याला ‘ईर’ म्हणतात, गोंडीत ‘एर’. आमच्या वर्गात एकदा पाण्याच्या चित्रापुढे एक मूल हलकेच ‘ईर’ म्हणाले आणि सारा वर्ग हसला. आम्ही फळ्यावर ‘पाणी’ लिहिले आणि त्याच्या शेजारी ‘ईर’ लिहिले. हसणे थांबले. त्या दिवसापासून ते मूल खिडकी सोडून फळ्याकडे पाहू लागले. ज्या भाषेला आमचा वर्ग हसला, तिच्यावर एमेनो नावाच्या भाषापंडिताने 1955 साली कॅलिफोर्नियात सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला होता!

राज्यघटनेत 1956 साली घातलेले 350-अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सांगते आणि 2020 चे राष्ट्रीय धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. कागद भक्कम आहे.

‘हे पोडावरचे आणि तांड्यावरचे झाले, आपणांस त्याचे काय?’ असे कोणी म्हणेल. बंधूंनो, आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे आज चार वर्षांच्या मुलास इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून देतात. घरी इंग्रजीचा एक शब्द कानी पडत नाही आणि वर्गात मराठी बोलण्यास संकोच वाटतो. त्या मुलाची अवस्था पोडावरील मुलाहून निराळी कशी? फरक इतकाच की तेथे ती परिस्थितीने लादली आणि येथे आपण शुल्क भरून विकत घेतली. इंग्रजी शिकूच नये असे आम्ही म्हणत नाही; पण ज्या भाषेत मूल रुसते आणि हट्ट करते, त्या भाषेत त्याला आधी वाचता यावे. असे मूल गप्प राहिले की आपण त्याला ‘मंद’ म्हणतो. हा शब्द आपल्या घरांतून हद्दपार व्हावा, असे आम्हांस फार मनापासून वाटते.

कापूस वेचणीच्या दिवसांत मुलांना वावरात नेऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. बुडालेला महिना पुढे भरून निघत नाही, कारण त्या महिन्यात मात्रा झालेल्या असतात.

मंडळास एक सूचना करितो. सत्कारासाठी जो निधी जमतो, त्यातील थोडा भाग गोष्टींच्या पुस्तकांसाठी काढावा. ज्यांच्या घरी दुसरी-तिसरीतील मूल आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यवाहांकडे नाव द्यावे. उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावचे निवृत्त शिक्षक आणि कॉलेजातील आपली मुले-मुली आठवड्यातून एकदा त्या घरी जातील, मुलाकडून एक गोष्ट वाचून घेतील आणि तीच त्याला आपल्या शब्दांत सांगावयास लावतील. आजीआजोबांनी जवळ बसून ऐकावे. मध्ये चूक काढू नये. यवतमाळ शहरातील घरांसाठी आमचे नाव कार्यवाहांच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिलेले आहे.