म्हाताऱ्या खेळाडूचा मान

मंडळी, कुस्तीचा फड तुम्ही पाहिला आहे. आज कलकत्त्याच्या फुटबॉलची गोष्ट ऐका.

तिथे मोहन बागान नावाचा जुना संघ आहे. २९ जुलै १९११ रोजी त्याने गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवले. गोऱ्यांच्या पायांत बूट. आपले अकरांपैकी दहा अनवाणी! दरवर्षी २९ जुलैला संघ तो दिवस पाळतो. २००१ सालापासून त्या दिवशी 'मोहन बागान रत्न' हा मान देतात.

पहिला मान शैलेन मन्ना यांना. एकोणीस वर्षे ते याच संघात खेळले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध त्यांची पेनल्टी हुकली. पेनल्टी म्हणजे समोर एकटा गोलरक्षक, आणि आपण चेंडू मारायचा. भारत एका गोलाने हरला. केवढे लागले असेल हो मनाला! पण १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांच्याच कप्तानीत भारताने सुवर्णपदक मिळवले.

रत्नाचा मान काहींना मेल्यावर मिळाला. मला ते पटत नाही. हाराचा वास ज्याला घ्यायचा तोच नाही! मन्नाबाबूंना तो पंचाहत्तरी उलटल्यावर, पण जिवंतपणी मिळाला. ते २०१२ साली वारले.