अंतेवासी आणि पासधारक

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पदवीधर, विद्यार्थी आणि पालक यांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मागच्या रांगेत घड्याळावर नजर ठेवून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

तुमची नजर घड्याळावर का आहे, हे मी जाणतो. मीही तीन वर्षे असाच बसत असे. म्हणून भाषण लांबवणार नाही.

गेल्या महिन्यात घोडेगावच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील एक मुलगी मला भेटायला आली. कला शाखेची पदवी, तीही प्रथम श्रेणीत. वृत्तपत्रात काही काम मिळेल का, अशी तिची विचारणा होती. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "तुझ्या एखाद्या प्राध्यापकांचे दोन ओळींचे पत्र घेऊन ये." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, मला नावाने ओळखणारं कुणी नाही हो तिथे." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तसा तो असता तर मी तिची समजूत काढली असती. तीन वर्षे ती रोज दोन वेळा एस.टी.ने प्रवास करीत होती. घरची माणसे हिरड्याच्या हंगामात रानात जात, आणि ही पुस्तक उघडून बसे. एवढ्या कष्टांनी तिने पदवी मिळवली. पण महाविद्यालयातून बाहेर पडताना ना एखादे गुरू मागे उभे, ना मैत्रीण, ना सांगण्याजोगी एखादी आठवण.

माझे स्वतःचे अनुभव फारसे निराळे नाहीत. कोणत्या महाविद्यालयाचे ते सांगत नाही; त्याची आवश्यकताही नाही. साहित्य वाचावे, वाद घालावेत, नाटक करावे, या ओढीने मी कला शाखेत गेलो. दुसऱ्या वर्षी आम्ही एकांकिका बसवायला घेतली. सात पात्रे होती. तालमीची वेळ दुपारी दोनची ठरली आणि दीडच्या गाडीने त्यांतली चार पात्रे घरी जाऊ लागली! पुण्याच्या 'पुरुषोत्तम करंडक' स्पर्धेचे नाव आम्ही ऐकून होतो. १९६३ पासून ती चालू आहे. आमची एकांकिका मात्र महाविद्यालयाच्या रंगमंचापर्यंतही पोहोचली नाही. स्नेहसंमेलन सकाळी दहाला सुरू होऊन दुपारी आटोपत असे, कारण तेच, गाडी. तीन वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, इतिहासाच्या प्राध्यापकांपेक्षा वाहकाला माझ्याविषयी अधिक माहिती होती. मी आजारी पडलो, तेव्हा चौकशी त्यानेच केली.

आपल्याकडे विद्यार्थ्याला एक जुना शब्द आहे : अंतेवासी. गुरूच्या निकट वास करणारा, तो अंतेवासी. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत याविषयी फार सुंदर रूपक आले आहे. व्याकरणातील संधी घ्या. आचार्य हे पूर्वरूप, अंतेवासी हे उत्तररूप, विद्या हा त्यांचा संधी, आणि प्रवचन हे त्यांना जोडणारे साधन. विद्या ही एकाने दुसऱ्याला द्यायची वस्तू नसून दोघे जवळ आले म्हणजे त्यांच्यामध्ये घडणारी गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ मी लावतो. दोन पदे जवळच आली नाहीत तर संधी कसा व्हावा? आमचा विद्यार्थी अंतेवासी राहिला नाही. तो पासधारक झाला.

परंतु येथे मला एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गावोगावच्या महाविद्यालयांना नावे ठेवणे सोपे आहे आणि पुण्यात बसून ते करणारे पुष्कळ आहेत. मंचरला रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, ही नसती तर या दोन तालुक्यांतल्या हजारो मुली बारावीच्या पुढे गेल्याच नसत्या. पुण्याला खोली घेऊन राहण्याची ऐपत किती घरांत होती? भाकरी बांधून सकाळी निघावे आणि संध्याकाळच्या आत घरी यावे, एवढ्या अटीवरच बापाने मुलीला शिकू दिले. घरातून ये-जा करणारा विद्यार्थी ही या महाविद्यालयांची उणीव नव्हे. त्याच्यासाठीच तर ती उभी राहिली.

आणि ती अट घालणाऱ्या बापालाही दोष देता येत नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात बिबट्यांचे माणसांवर जे हल्ले झाले, ते अनेकांच्या स्मरणात असतील. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आपल्या परिचयाचे आहे. कुकडी आणि घोड नद्यांवरच्या धरणांनी पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, आणि उसाने बिबट्याला घर दिले. थांब्यापासून वस्तीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते. अशा वाटेने सायंकाळी सातला मुलगी एकटी यावी, असे कोणता बाप म्हणेल? सायंकाळचे व्याख्यान, अभ्यासिका, तालीम हे सारे इथेच संपते. शहरातल्या शिक्षणतज्ज्ञांच्या आराखड्यात बिबट्या नसतो.

ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला. त्या महिन्यांत ज्यांच्या घरी मोटरसायकल होती ती मुले वर्गात येत राहिली. मुलींचे बाक रिकामे राहिले. गाडीचे वेळापत्रक हेच आमच्या महाविद्यालयांचे खरे वेळापत्रक आहे, हे त्या वेळी जितके स्पष्ट दिसले तितके एरवी दिसत नाही. त्यात मुलांचे निराळेच. काही जण नाव नोंदवून चाकणच्या कारखान्यांत पाळी करतात आणि परीक्षेपुरते उगवतात. टोमॅटोच्या हंगामात काही जण नारायणगावच्या बाजारात असतात. त्यांना मी आळशी म्हणणार नाही. पण महाविद्यालय त्यांच्या आयुष्यात आले आणि गेले, त्याची खूण उरली नाही.

आमच्या वेळी निदान निवडणुका होत्या. प्रचार चक्क गाडीत चाले. एका थांब्यावर चढायचे आणि पुढच्या थांब्यापर्यंत मते मागायची. त्यात भांडणे झाली, पैसा आला, हे खरे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या आणि गुणांवरून विद्यार्थी प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने पुन्हा दार उघडले. २०१९ मध्ये निवडणुका घ्यायचे ठरले आणि लांबणीवर पडले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता क्षेत्रीय प्रकल्प आणि सामाजिक सहभाग यांना श्रेयांक आहेत. कल्पना उत्तम आहे. मात्र प्रकल्पाची वही बाजारात तयार मिळू लागली, तर तोही एक सोपस्कार होईल, अशी मला भीती वाटते.

आता आपल्याविषयी थोडे बोलतो. कटू वाटले तर क्षमा असावी. वेळच मिळत नाही, ही सबब आपल्या विचाराच्या माणसाने तरी सांगू नये. आपली शाखा किती वेळ चालते? एक तास. त्या एका तासात माणसे आयुष्यभरासाठी जोडली गेली, कारण तो तास संपल्यावर कुणीतरी घरी जाऊन विचारत असे, "काल आला नाहीस, बरा आहेस ना?" शाखेचे खरे काम मैदानाइतकेच त्या उंबरठ्यावर झाले. विद्यार्थी परिषदेची स्थापना १९४९ सालची. एवढ्या वर्षांत शिक्षक आणि विद्यार्थी मिळून एक परिवार, हे आपण अनेक व्यासपीठांवरून सांगितले. पण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांतून येणाऱ्या मुलीच्या उंबरठ्यावर आपल्यापैकी कोण गेले? पुण्याच्या महाविद्यालयांत आपले काम भरभक्कम, आणि इकडे वर्षातून एखादा प्रवास, एक बैठक, एक छायाचित्र. त्या मुलीला नावाने ओळखणारे कुणी नव्हते, त्यात प्राध्यापकांबरोबर आपणही येतो.

आणि या भूमीत शिकवायला काय कमी आहे! इतिहासात पदवी घेतलेल्या येथल्याच काही मुलांना मी नाणेघाटाविषयी विचारले. जुन्नरपासून सुमारे तीस किलोमीटरवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. यज्ञांची आणि दानांची ती नोंद. भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासात जगभर तिचा उल्लेख होतो. सातांपैकी पाच जण घाटावर पावसाळी सहलीला गेले होते, भजी खाऊन आले होते. लेण्यात शिरून भिंतीकडे पाहिलेला एकच. खोडदच्या तीस महाकाय दुर्बिणी आकाशातले रेडिओ संदेश टिपतात, त्या शेजारच्या गावातून रोज दिसतात. त्या नेमके काय ऐकतात हे त्या मुलांना कुणी सांगितले नव्हते. शिवनेरीवर दरवर्षी आपण ज्योत आणायला जातो. गडावरच्या पाण्याच्या टाक्या कशा खोदल्या, हे कधी उभे राहून पाहिले आहे का?

ती मुलगी सध्या आमच्याकडे उमेदवारी करते आहे. तिची पहिली बातमी तिच्या गावची सकाळची गाडी वारंवार रद्द होते, याविषयी होती. मी तिच्यातला एकच शब्द बदलला.

येत्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी नाणेघाटावर जायचे ठरले आहे. लिपी वाचून दाखवणारे एक जाणकार अभ्यासक सोबत असतील. सकाळी सातला जुन्नरच्या स्थानकावरून निघायचे. विद्यार्थ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. ते येथे पुढच्या रांगेत बसलेल्या मंडळींनी द्यायचे आहेत. मुलींच्या पालकांशी आमच्या भगिनी घरी येऊन बोलतील, आणि दिवस मावळायच्या आत प्रत्येकीला तिच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आमची. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. मागच्या रांगेतल्यांनी आधी जावे, नाव लिहावे आणि गाडी गाठावी.