पहिल्या दिवशी मशीन कोणाच्या हातात?

(गॅस उद्योगात नव्याने येणाऱ्यांसाठीच्या प्रशिक्षण कार्यशाळांविषयी महिला संघटनांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

फलकावर आजचा विषय वाचून काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिले. ‘नैसर्गिक वायू उद्योगातील नवागतांचे प्रशिक्षण.’ यात पोटगी नाही, मारहाण नाही, हुंडा नाही, मग बाईचा प्रश्न आला कुठे? मला अर्धा तास दिला आहे, तेव्हा सरळ विषयालाच हात घालते.

गेली काही वर्षे मी अशा कार्यशाळांमध्ये जाते. माझे काम तास-दीड तासाचे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा समजावून सांगायचा. हा तास बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, जेवणानंतर ठेवलेला असतो. मुले पेंगत असतात आणि साहेब घड्याळ बघत असतात. म्हणून मी एक-दोन दिवस आधीच जाऊन मागच्या बाकावर बसते. कायदा शेवटच्या दिवशी सांगितला जातो. पण बाईची जागा कुठली, हे पहिल्या दिवशीच ठरून गेलेले असते.

या उद्योगात इतकी भरती का चालू आहे, ते आधी थोडक्यात सांगते. आपल्या लेखी गॅस म्हणजे सिलिंडर. पण मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी निघाली, पुण्यात २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस आली. त्याच २००६ मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा झाला आणि पुढे मंडळाने एकेका जिल्ह्याचे परवाने दिले. आता लहान शहरांतही रस्ते खोदून पाइप टाकणे चालू आहे. त्यासाठी पाइप जोडणारी माणसे लागतात, मीटर बसवणारी लागतात, लाइनवर गस्त घालणारी आणि पंपावर सीएनजी भरणारीही लागतात. आयटीआय झालेली, बारावी झालेली मुले-मुली येतात आणि त्यांना आधी चार-पाच दिवसांच्या कार्यशाळेत बसवतात. तिथून जो कागद मिळतो, त्यावर पुढची मजुरी ठरते. कागद असेल तर ‘कुशल’, नसेल तर ‘हेल्पर’. किमान वेतनाच्या तक्त्यात या दोन शब्दांमध्ये किती रुपयांचे अंतर असते, ते आपल्यापैकी युनियनमध्ये काम करणाऱ्या सांगू शकतील.

पहिला दिवस वर्गात जातो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, गळला की वर छताकडे जातो. आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून दोन्हींच्या गळतीत सावधगिरी वेगळी. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून शहरात शिरताना त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच पेट घेतो. हे सगळे शिक्षक छान सांगतात. उदाहरणे मात्र सगळी स्वयंपाकघरातली असतात. “समजा, घरात बाईने शेगडी चालू ठेवली आणि विसरली...” दर वेळी विसरणारी बाई आणि धावत येऊन व्हॉल्व्ह बंद करणारा फिटर! मी एकदा विचारले की विसरणारा पुरुष एखाद्या तरी उदाहरणात घालता येईल का. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी खरोखरच घातला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

दुसऱ्या दिवशी मैदानात प्रात्यक्षिक असते. रस्त्याखाली जे पिवळे-केशरी प्लॅस्टिकचे पाइप जातात, ते जोडायची रीत अशी: पाइपाचे टोक काटकोनात कापायचे. वरचा पातळ थर खरवडून काढायचा, तो राहिला तर सांधा धरत नाही. टोक पुसून कोरडे करायचे, हाताचा घामसुद्धा लागू द्यायचा नाही. मग आत तार बसवलेला कपलर घालून सगळे क्लॅम्पमध्ये घट्ट धरायचे आणि मशीनने ठरावीक वेळ वीज द्यायची. तार तापते, प्लॅस्टिक वितळून एकजीव होते. त्यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. सांधा निवेपर्यंत, जितकी मिनिटे लिहिलेली आहेत तितकी, क्लॅम्पला हात लावायचा नाही. घाई केली की वरून सांधा चांगला दिसतो आणि पुढे कधीतरी गळतो.

आता मला सांगा, यात दंडाची ताकद कुठे लागते? स्वच्छता लागते, माप लागते, धीर लागतो. तरी मशीनभोवती गोल उभा राहिला की मुलगे पुढे आणि दोन-तीन मुली मागे. मुलींच्या हातात वही असते. “तू लिहून घे, तुझे अक्षर चांगले आहे.” कोणी वाईट हेतूने म्हणत नाही. पण दिवस संपतो तेव्हा प्रत्येक मुलाने दोन-दोन सांधे केलेले असतात आणि मुलीने सगळ्यांच्या सांध्यांची वेळ सुंदर अक्षरात लिहिलेली असते. पुढे साइटवर तिला कोणी मशीन देत नाही, कारण तिने कधी केलेले नसते. मग तिला ग्राहकांच्या फोनवर बसवतात, नाहीतर घरोघर अर्ज भरून घ्यायला पाठवतात. आपण ज्याला लिंगाधारित श्रमविभागणी म्हणतो, ती अशी एका वहीने सुरू होते.

एका मुलीची गोष्ट सांगते. आयटीआयला फिटर ट्रेड केलेली, वर्गात तीच पहिली. मैदानात ती सारखी मागे राहायची. मला वाटले, लाजते आहे. विचारले तर म्हणाली, “ताई, बूट मोठे आहेत. पळायची वेळ आली तर पडेन.” सेफ्टी बूट पुरुषांच्याच मापाचे आणलेले होते. तिने दोन मोजे घालून पुढे कापूस कोंबला होता. हातमोज्यांचीही तीच तऱ्हा. मैदानाच्या टोकाला एकच संडास, त्याला कडी नाही. मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या, आणि उन्हाळा होता. त्या संस्थेच्या सुरक्षा-तपासणीच्या कागदावर बुटांसमोर ‘होय’ अशी खूण होती. बूट होतेच की!

आता कोणी म्हणेल, सीएनजी पंपावर तर बायका दिसतात. दिसतात, आणि चांगलेच आहे. पण ते काम ‘हलके’ म्हणून दिले जाते, हे खोटे आहे. तिथे गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरतात. गाडीतल्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी झाली आहे की नाही, ते पाटीवर बघायचे. भरण्याआधी सगळ्या प्रवाशांना खाली उतरवायचे. म्हणजे रात्री नऊ वाजता, रांगेत तासभर थांबून वैतागलेल्या ड्रायव्हरला एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीने “उतरा” म्हणायचे आणि तपासणीची तारीख उलटून गेली असेल तर “भरणार नाही” म्हणायचे. तो काय बोलतो, ते तुम्ही ओळखू शकता. नोझल कसे लावायचे हे कार्यशाळेत शिकवतात. नाही कसे म्हणायचे, आणि म्हटल्यावर मॅनेजरने तिच्या पाठीशी कसे उभे राहायचे, हे शिकवत नाहीत. मी माझ्या तासात आता कायदा अर्धाच सांगते. उरलेल्या वेळात हा प्रसंग करून घेते. मुलगे ड्रायव्हर होतात, मुली नाही म्हणतात. मग उलट करतो. मुलगेसुद्धा अडखळतात, तेव्हा सगळ्यांना कळते की हा स्वभावाचा नाही, सरावाचा प्रश्न आहे.

पण मैत्रिणींनो, या कार्यशाळेच्या दारापर्यंतसुद्धा जी पोहोचत नाही, ती बाई मला जास्त टोचते. पाइपासाठी चर खणतो कोण? मी ज्या साइट पाहिल्या, तिथे नाक्यावरून किंवा गावाकडून आणलेली जोडपी असतात. बीडच्या ऊसतोडीतला ‘कोयता’ तुम्हाला ठाऊक आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. इथेही तसेच. मीटरवर दर, हिशेब नवऱ्याच्या नावाने. बाई माती उपसते, पाइपावर वाळू पसरते, वरून धोक्याची पट्टी अंथरते, चर बुजवते. शेजारी जुनी चालू लाइन असेल तर कुदळ लागण्याचा धोका तिलाच. सकाळी सुपरवायझर पाच मिनिटे सूचना देतो, त्याला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. तेव्हा ती बाई कडेला चूल मांडत असते, नाहीतर पोराला पाजत असते. हजेरीच्या सहीपुरताही तिला कोणी बोलवत नाही, कारण कागदावर ती कामगारच नसते. नवागत म्हणायचे तर तिच्याइतकी नवागत कोण?

पाइपाच्या सर्वांत जवळ जो असतो, त्याला सर्वांत कमी माहिती. याची किंमत काय असते, ते आंध्र प्रदेशात नगरम गावी दिसले. २७ जून २०१४ ला पहाटे तिथे गेलच्या वाहिनीतला गॅस पेटला आणि वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत झोपेतली मुले-बायकाही होत्या. गळतीबद्दल आधी सांगितले होते, असे गावकरी तेव्हा म्हणत होते. कोणाला कळवायचे, कळवल्यावर कोणी यायचे आणि तोवर गावाने काय करायचे, हे लाइनजवळ राहणाऱ्या आणि राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

कायद्याचे थोडे. तुम्हाला विशाखा निकाल, १९९७, तोंडपाठ आहे. भंवरीदेवींचे नाव इथे नव्याने सांगायला नको. २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी आणि अ‍ॅप्रेंटिस स्पष्ट लिहिलेले आहेत. मालकाने दिलेली गाडीही कामाची जागा धरली आहे, म्हणजे मैदानावर नेणारी बससुद्धा. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिच्यावर संस्थेबाहेरची एक सदस्य हवी. इथे बसलेल्यांपैकी कितीतरीजणी अशा बाहेरच्या सदस्य आहेत! वर्षातून दोनदा चहा पिऊन सही करण्याऐवजी एवढे विचारा: या वर्षी कार्यशाळा किती झाल्या, त्यांत मुली किती, कंत्राटदाराची माणसे कुठल्या समितीखाली येतात? रात्रपाळीचेही आता कारण उरलेले नाही. जुन्या कारखाना कायद्यात बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ काम बंद होते. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तिच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर सर्व कामे खुली केली आहेत. संमती मात्र खरी आहे की सही घेऊन ठेवलेली, ते आपणच बघायचे.

मागच्या बैठकीत एका मैत्रिणीने विचारले, “या कंपन्यांना आपण मुली पुरवायच्या का?” तिच्या प्रश्नाला आधार आहे. दाभोळच्या वीजप्रकल्पाविरुद्ध उभ्या राहिलेल्या वेलदूरच्या कोळणींना जून १९९७ मध्ये पोलिसांनी घरात शिरून मारले, ते आपण विसरलेलो नाही. २०१३ पासून त्याच किनाऱ्यावर बोटीने आणलेला द्रवरूप गॅस उतरू लागला. माझे मत असे, की विरोध करायचा असो वा नोकरी, आतले काम समजलेली बाई दोन्हीकडे लागते. दाब किती, व्हॉल्व्ह कुठे, वास का येत नाही, हे ज्या गावच्या मुलीला कळते, त्या गावाला साहेब सहजासहजी गुंडाळू शकत नाही. दुसरे, “बायका गोड बोलतात, घरात निर्धास्त जाऊ शकतात, म्हणून त्यांना घ्या” हा युक्तिवाद आपण करू नये. तो लवकर पटतो हे खरे, पण त्याने ती पुन्हा फोनवरच बसते.

पुढच्या कामाचे बोलून थांबते. आयटीआयचे प्रवेश पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होतात. फिटर, वेल्डर, प्लंबर या ट्रेडमध्ये मुलींच्या राखीव जागा भरतात की रिकाम्या राहून दुसरीकडे वळतात, ते प्रत्येक तालुक्यातल्या गटाने जाऊन पाहावे. ज्या शहरात रस्ते खोदणे चालू आहे, तिथल्या गटाने गॅस कंपनीला आणि कंत्राटदाराला एक पत्र द्यावे. प्रत्येक मुलीने स्वतःच्या हाताने सांधा केल्याची नोंद, बायकांच्या मापाचे बूट, कडीचा संडास, परगावी कार्यशाळा असेल तर निदान दोघींना एकत्र पाठवणे आणि लहान मूल असेल तर त्याची सोय, एवढे त्यात असावे. आणि चरावरच्या बाईचे नाव हजेरीत, तिच्या स्वतःच्या नावाने, सकाळच्या त्या पाच मिनिटांसकट. पत्राचा नमुना मी आणला आहे, पण झेरॉक्स पंधराच आहेत, तेव्हा गटात एक घ्या. आता प्रश्न विचारा.