नव्वद दिवसांची हजेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी आज बोलायला उभी आहे ती चिटणीसबाईंच्या आग्रहामुळे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला आल्यागेल्याशी बोलणे निराळे आणि ध्वनिक्षेपकापुढे उभे राहणे निराळे. पण "तुम्ही सहा वर्षे परदेशी राहून आलात, तिकडचे काही सांगा," असे म्हणून त्यांनी माझे नाव पत्रिकेत छापूनच टाकले. मग माघार घेण्याची सोय राहिली नाही.

परदेश म्हटले की देवळे, समुद्र, बाजार यांचे वर्णन ऐकायला मिळेल असे आपल्याला वाटत असेल. थायलंडात ते सारे आहे, आणि हल्ली आपल्या इचलकरंजीचे लोकही सहलीला जाऊन ते पाहून येतात. मी सांगणार आहे ते मात्र आठ दिवसांच्या पाहुण्याला दिसत नाही. तिथे राहणाऱ्या परक्या माणसाला दर नव्वद दिवसांनी सरकारला कळवावे लागते, की मी अजून इथेच आहे आणि अमुक घरात राहतो. त्या हजेरीची ही गोष्ट आहे.

आमचे हे इथे मागावर जॉबर होते, हे पुष्कळजणींना ठाऊक आहे. २०१७ साली बँकॉकच्या उत्तरेकडे एका कापड गिरणीत ते फिटर म्हणून गेले. पुढच्या फेब्रुवारीत मी गेले. मुलगी दहावीत होती, ती आजीजवळ राहिली. तिकडच्या गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तरी आपल्या तोंडात बसायचे नाही.

तिथला कायदा १९७९ सालचा आहे. त्यात असे आहे की परका माणूस सलग नव्वद दिवसांहून जास्त राहिला तर त्याने आपला पत्ता परदेशी लोकांच्या कचेरीत कळवायचा, आणि पुढेही दर नव्वद दिवसांनी कळवत राहायचे. लोक त्या कचेरीला नुसते 'तॉ-मॉ' म्हणतात. फॉर्मचे नाव टीएम ४७. पैसा एक पडत नाही. फॉर्म दिला की खालची चिठ्ठी फाडून, शिक्का मारून पासपोर्टात टाचून देतात, आणि तिच्यावर पुढची तारीख असते. तारखेच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर सात दिवस, एवढ्या अवधीत कचेरीत जाता येते. स्वतःच गेले पाहिजे असेही नाही, दुसऱ्याच्या हाती कागद दिले तरी चालतात. आता हे मी घडाघडा सांगते आहे. पण पहिली पाच वर्षे यातले अक्षर मला माहीत नव्हते. दोघांचे पासपोर्ट यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली यांच्या जानव्याला. हे गिरणीतून सुटी काढून दोघांचे कागद घेऊन जात आणि चिठ्ठ्या आणत. मी डबा करून देई. वर्षाचा परवाना वाढवायच्या वेळी तेवढी मला बरोबर नेत, कारण तिथे तोंड दाखवावे लागते. म्हणतील तिथे सही करायची आणि परत यायचे.

२०२२ च्या ऑक्टोबरात सासूबाई गेल्या. रात्रीच्या विमानाला एकच जागा मिळाली, ती घेऊन हे निघाले. पाठोपाठ मी यायचे तर तिकिटाला दुप्पट पैसे पडत होते. ज्या बाईंनी माझी मुलगी चार वर्षे सांभाळली, त्यांचे शेवटचे दर्शन मला झाले नाही. त्या वर्षीची दिवाळी मी सुतकात, परक्या गावात, एकटीने काढली. घरमालकीण तेवढी रोज संध्याकाळी येऊन बसे. तिला मी 'पी' म्हणत असे. त्यांच्यात पी म्हणजे ताई. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची जेमतेम, पण भात झाकून आणून ठेवायला भाषा लागत नाही.

हे दिवसकार्य उरकून २८ ऑक्टोबरला परत आले. आता इथे नीट लक्ष द्या. माणूस देशाबाहेर जाऊन आला की त्याचे नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. यांची नवी तारीख आली २५ जानेवारी. मी कुठेच गेले नव्हते. माझी तारीख जुन्या चिठ्ठीवरची, म्हणजे ३ नोव्हेंबर, तशीच होती. यांनी आपली तारीख मनात धरली, आणि नेहमी दोघांचे बरोबरच होते, तेव्हा माझीही तीच, असे समजून गेले. आईच्या दुःखात होते, मी दोष देत नाही. माझ्याबद्दल म्हणाल, तर मला तारीख असते हेच माहीत नव्हते.

१८ जानेवारीला आम्ही परवाना वाढवायला गेलो. दोन बाकांची सोंगथ्येव गाडी असते, आपल्या वडापसारखी, तिच्यात बसून गेलो. नंबर आला. टेबलापाशी एक तरुण बाई होती. तिने माझा पासपोर्ट चाळला, टाचलेल्या चिठ्ठीपाशी थांबली, चिठ्ठीवर बोट ठेवून यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले आणि काहीतरी विचारले. हे उत्तर द्यायला लागले. तिने हात वर करून यांना थांबवले आणि पुन्हा मलाच विचारले. माझ्या पोटात गोळा आला. मला वाटले, आता तुरुंगात टाकतात की विमानात बसवून पाठवतात! लेकीच्या परीक्षेच्या फीसाठी चार महिने बाजूला टाकलेले पैसे पिशवीत होते. त्यातले दोन हजार बाथ दंडाला गेले, म्हणजे आपले जवळजवळ पाच हजार रुपये. बाई उद्धट मुळीच नव्हती. दंड ठरलेला आहे, तो तिने घेतला, पावती दिली आणि पाण्याचा पेलाही पुढे केला. पावतीवर साल २५६६. आपल्याकडे शके असते तसे त्यांच्याकडे बुद्धाचे वर्ष चालते. इंग्रजी सालात ५४३ मिळवायचे. मी मात्र तेव्हा घाबरून ती पावतीसुद्धा चुकीची आहे असे समजले.

पुढे समजले की भीती अस्थानी होती. ही हजेरी म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. परवान्याची मुदत उलटून राहिलात तर दिवसाला पाचशे बाथ दंड, तो वीस हजारांपर्यंत चढतो, आणि ती गोष्ट खरोखर वाईट. हजेरी चुकली तर दोन हजारांत सुटका होते, मात्र आपण होऊन गेले पाहिजे. पोलिसांनी आधी धरले तर जास्त. उलट हजेरी वेळेवर दिली म्हणून परवाना एका दिवसानेही वाढत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणारी शिकलेली माणसेही मी तिथे पाहिली.

परत येताना गाडीत हे म्हणाले, "तुझी तारीख तू नको का बघायला?"

मी म्हटले, "अहो, माझा पासपोर्ट माझ्या हातात कधी दिलात?"

घरापर्यंत दोघेही बोललो नाही. घरी आल्यावर यांनी जानव्याची किल्ली सोडली, ट्रंक उघडली आणि माझा पासपोर्ट माझ्यापुढे ठेवला. आज हे मागच्या रांगेत बसले आहेत, म्हणून मी ही गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. हसताहेत ते, पाहा.

आता पासपोर्ट हातात आला, पण वाचता यायला हवा. इंग्रजी अक्षरे मला शाळेपासून येत होती, ती सुटी सुटी. नाव, आडनाव, पासपोर्टचा नंबर, देशात आल्याची तारीख, एवढे मी वहीत दहा वेळा गिरवले. पत्ता सर्वांत अवघड. घर नंबर, मग 'मू', मग 'तम्बोन', 'अम्फो', 'चांगवात'. हे काय प्रकरण आहे ते कळेना. पीने जमिनीवर खडूने काढून दाखवले, तेव्हा उलगडले, की मू म्हणजे वाडी, तम्बोन म्हणजे चार वाड्यांचे गाव, अम्फो म्हणजे तालुका आणि चांगवात म्हणजे जिल्हा. आपलेच सारे, नावे तेवढी वेगळी! पीने आणखी एक कागद दाखवला. आम्ही राहायला आलो तेव्हा चोवीस तासांच्या आत घरमालकीण म्हणून तिलाही सरकारला कळवावे लागले होते, त्याची ती पावती. म्हणजे आमच्यासाठी ती बाईही कचेरीची पायरी चढली होती, आणि एवढ्या वर्षांत तिने एकदा बोलूनही दाखवले नव्हते.

एप्रिलची हजेरी मी स्वतः दिली. हे गिरणीत होते. वडाप बदलून एकटी गेले. ती रांग मला अजून दिसते. ब्रह्मदेशचे मजूर पुष्कळ. त्यांचा एक दलाल रबर लावलेली पासपोर्टांची चळत घेऊन पुढे उभा. एका बाईला मी खुणेने विचारले, तुझा कुठला? तिने त्या चळतीकडे हात केला आणि खांदे उडवले. माझ्या शेजारी युरोपातले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांची थाई बायको त्यांचा फॉर्म भरत होती आणि ते गरिबासारखे तिच्या पेनाकडे पाहत होते. मला हसू आले आणि जरा बरेही वाटले. माझा फॉर्म आत गेला, एका खान्यात माझी चूक होती ती त्यांनी तिथेच सुधारून दिली, आणि चिठ्ठी मिळाली. सारे मिळून पंचवीस मिनिटे. त्या दिवशी मी पीसाठी अर्धा डझन आंबे घेऊन गेले. तिथले आंबे लांबट आणि गोड असतात, पण हापूसची सर नाही, हे इथे सांगून टाकते.

नंतर मुलगी म्हणाली, "आई, आता हे घरबसल्या फोनवर होते." ऑनलाइन करायचे तर आधी एकदा कचेरीत हजेरी झालेली असावी लागते, ती माझी झाली होती. व्हिडिओ कॉलवर ती इचलकरंजीत आणि मी तिकडे. "आई, आडनाव वरच्या खान्यात. अगं, वरच्या!" पहिल्या वेळी मी नावाच्या जागी आडनाव घातले, ते परत आले. दुसऱ्यांदा घातले, तर तीन दिवस नुसते 'विचाराधीन'. त्या तीन दिवसांत मी फोन उशाशी घेऊन झोपले. चौथ्या दिवशी मंजूर झाले, आणि स्टेशनरीच्या दुकानातून चिठ्ठी छापून आणली. माझे मत विचाराल तर ऑनलाइन सोयीचे खरे, पण मुदत संपायच्या आधीच करावे, शेवटच्या दिवसांवर ढकलू नये. एकदा उशीर झाला की फोन घेत नाही, कचेरीतच जावे लागते. पुढे माझा पासपोर्ट नवा झाला तेव्हाही पहिली हजेरी प्रत्यक्षच द्यावी लागली. आणि फोन चूक दाखवतो, पण ती सुधारून देत नाही.

दरवर्षी इथून कालनिर्णय न्यायची. त्यावर माझी तारीख लाल पेन्सिलीने आणि यांची निळ्या. लाल खूण तारखेच्या दहा दिवस आधी करायची, म्हणजे मध्ये सण आला, ताप आला, तरी हाताशी दिवस राहतात. २०२४ साली आम्ही कायमचे परत आलो तोवर एकदाही चुकले नाही. उलट यांची एक तारीख निसटत होती, ती मी धरली.

हे सारे थायलंडचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आपल्या मंडळातल्या तिघींच्या लेकी अमेरिकेत आहेत. तिथे घर बदलले की दहा दिवसांच्या आत एआर-११ नावाचा फॉर्म भरून कळवावे लागते, तोही फोनवर होतो. जपानात चौदा दिवसांत नगरपालिकेत जावे लागते. नवरा नोकरीवर जातो, घर बदलायचे सामान बायको बांधते, आणि कागद कोणी पाठवायचा ते ठरलेले नसते. आपल्या देशातही नियम आहेत. माझी बहीण पुण्याला असते. तिने परदेशी विद्यार्थिनीला खोली दिली, तेव्हा चोवीस तासांत कळवायचे काम तिच्यावर आले. तिला ते ठाऊक नव्हते, मी सांगितले. सातवी झालेल्या बहिणीने बी. ए. झालेल्या बहिणीला सांगितले, याचा आनंद मी लपवत नाही.

वेळ संपत आली, अध्यक्षबाई घड्याळ पाहताहेत. ज्यांच्या घरात कोणी बाहेरदेशी जाणार असेल, त्यांनी आधी पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे ते पाहावे आणि तो घेऊन बुधवारी दुपारी मंडळात यावे. मी शिवणाच्या वर्गाला असतेच. खाने कसे भरायचे ते दाखवीन. माझी दंडाची पावतीही जपून ठेवली आहे, तीही आणीन.