चुंबक लावा, मगच धुवा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत गटातल्या एका ताईंनी केलेलं मनोगत)



अध्यक्षताई म्हणाल्या, जुन्या इंजिनाची साफसफाई कशी करायची ते सगळ्यांना सांग. मी आधी माझी चूक सांगते. कारण चूक मी केली आणि पैसे गटाचे गेले.

आमच्या गटाकडं पाणी उपसायचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे. कर्ज काढून जुनंच घेतलेलं, तासावर भाड्यानं देतो. ते काळा धूर मारायला लागलं, म्हणून मिस्त्रीकडून खोलून घेतलं. साफ आपणच करू, तेवढीच मजुरी वाचेल, असं बैठकीत ठरलं. आमचा गट साबण करतो, त्यामुळं कॉस्टिक सोडा घरात होताच. कॉस्टिकपुढं ओशट टिकत नाही हे मला ठाऊक. संध्याकाळी घोळ केला आणि पिस्टन त्यात बुडवला. बुडबुडे आले, पाणी तापलं. मला वाटलं, बघा कसा मळ निघतोय!

सकाळी पिस्टन काळपट झालेला, अंगावर खड्डे, रिंगा बसायच्या खाचा खाल्लेल्या. नवा पिस्टन, नव्या रिंगा घ्याव्या लागल्या. वर ऐन हरभऱ्याच्या पाण्याला इंजिन बंद. त्या महिन्याचा हप्ता बचतीतून भरला. बायका काही बोलल्या नाहीत, पण मला कळत होतं.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. म्हणजे आपलं जर्मनचं पातेलंच की! सोड्यानं ते काळं पडतं हे आपल्याला माहीत आहे, कॉस्टिक तर ते खाऊनच टाकतं. ते बुडबुडे मळाचे नव्हतेच, हायड्रोजन वायूचे होते. तो पेट घेतो. आणि मी घमेलं ठेवलं होतं चुलीपासून चार हातांवर.

म्हणून आता माझ्याकडं एक चुंबक असतो, मोडक्या स्पीकरमधला. भाग हातात आला की आधी चुंबक लावायचा. चिकटला तर लोखंड. चिकटला नाही, वजनाला हलका आणि खरवडल्यावर पांढरा दिसला तर ॲल्युमिनियम. पिवळा दिसला तर पितळ. तांब्याचा हंडा आपण चिंचेनं घासतो, लोखंडी तवा घासत नाही, तसंच हे. मात्र इंजिनाच्या कुठल्याच भागाला चिंच-लिंबू लावू नका, आंबट राहिलं की गुळगुळीत लोखंडावर गंज धरतो.

मग धुवायचं कशानं? रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल. दोन्ही कुठल्याच धातूला खात नाहीत. पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या चुलीवर पेटते. रॉकेल-डिझेलसुद्धा उघड्यावर, आगीपासून लांबच वापरा. हातात रबरी मोजे घाला. धुतलेलं काळं डिझेल विहिरीकडं, ओढ्याकडं ओतू नका, डब्यात साठवा.

पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन दगडासारखा असतो. घाई केली की आपण स्क्रू-ड्रायव्हर उचलतो, तिथंच चुकतं. भाग रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी बांबूची चपटी कामटी घेऊन सावकाश खरवडा. राहिला तर परत भिजवा. ज्यानं खरवडायचं ते भागापेक्षा मऊ पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा. पॉलिश पेपर, वाळू, राख यांतलं काहीच नको. राखेनं आपली भांडी चकचकीत होतात, पण तिचा कण पिस्टन आणि लायनरच्या मधे अडकला की इंजिन फिरेल तेवढ्या वेळा ओरखडा.

नोझल आणि डिझेल पंपाच्या वाटेला जाऊ नका. नोझलची भोकं सुईपेक्षा बारीक. एकदा तार घातली की भोक मोठं होतं, डिझेल नीट फवारलं जात नाही आणि धूर दुप्पट. पंपातला दांडा आणि त्याची नळी एकमेकांसाठीच घासून बसवलेली जोडी असते. दुसऱ्याची इथं चालत नाही. बाहेरून पुसा आणि मिस्त्रीकडं द्या. तिथली मजुरी वाचवायला जाऊ नका.

खोलताना मोबाईलवर फोटो काढा. बोल्ट ज्या भागाचे त्याच भागाच्या डबीत. धुऊन झालं की पूर्ण वाळवा आणि लोखंडी भागांना लगेच इंजिन ऑईलचा हात फिरवा, पावसाळ्यात तर एका रात्रीत गंज चढतो.

रब्बीच्या आधी आम्ही इंजिन परत खोलणार आहोत. ज्यांना बघायचंय त्यांनी या. येताना पुसायला जुन्या सुती साड्यांचे तुकडे आणा. धागे सुटणारं फडकं नको. आणि पदर खोचून या, बायांनो. इंजिन चालू करून बघायचंय.